मैदान बंद, मग खेळाचा तास कुठे?

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हिवाळा सुरू झाला, की शाळेच्या मैदानाला कुलूप लागते. धुरात धावले तर फुफ्फुसांना धोका आणि घरात बसले तर बाकी सगळ्या शरीराला. या कचाट्यात सर्वांत जास्त सापडले आहे ते पहिली ते पाचवीतले मूल.

नोव्हेंबरातील एखादी सकाळ. नॉयडातील एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी आई आणि दुसरीतला मुलगा शाळेच्या बसची वाट पाहत उभे आहेत. समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसत नाहीत. हे धुके नव्हे, हे मुलालाही ठाऊक आहे. डोळे चुरचुरतात ना! तरी तो खुशीत आहे. पांढरे बूट घातले आहेत, कारण आज पी.टी.चा तास. तेवढ्यात आईच्या मोबाईलवर शाळेचा निरोप येतो : हवा बिघडल्यामुळे पुढील सूचना मिळेपर्यंत मैदानावरील सर्व कार्यक्रम रद्द. मुलाचा चेहरा उतरतो. आईला मात्र सुटल्यासारखे वाटते. रात्रभर त्याचा खोकला तिनेच ऐकलेला असतो.

दिल्ली, नॉयडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम अशा साऱ्या राजधानी परिसरात हिवाळ्यात घरोघरी घडणारा हा प्रसंग आहे. यात बरोबर कोण, मुलगा की आई? डॉक्टर, न्यायाधीश, मुख्याध्यापक आणि पालक गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. खरी अडचण ही, की दोघांचेही बरोबर आहे.

धावणारे मूल आणि हवा

आधी आईची बाजू पाहू. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा श्वास २० च्या आसपास चालतो. वजनाच्या मानाने पाहिले, तर मुलाच्या शरीरात मोठ्या माणसापेक्षा बरीच जास्त हवा जाते. त्यातून ते पळू लागले, की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि श्वास नाकाऐवजी तोंडाने सुरू होतो. नाक ही निसर्गाने दिलेली गाळणी. तोंडाने ओढलेली हवा तिला वळसा घालून सरळ आत उतरते. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते धूलिकण इतके बारीक, की डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा भागच म्हणा. ते फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. मूल जन्मते तेव्हा हे वायुकोश पुरते तयार नसतात. पुढे कित्येक वर्षे त्यांची संख्या वाढत राहते आणि फुफ्फुसांची एकूण क्षमता तर वयाच्या अठरा-विसापर्यंत वाढते. म्हणजे प्राथमिक शाळेची वर्षे ही फुफ्फुसांच्या बांधणीचीही वर्षे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांचा अभ्यास केला होता. वयोगट ४ ते १७ वर्षे. यंत्रात फुंकर मारायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजण्यात आली. दिल्लीतील ४३.५ टक्के मुलांची क्षमता कमी भरली. तुलनेसाठी पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील मुले घेतली होती. त्यांच्यात हे प्रमाण २५.७ टक्के होते. (खेड्यातला आकडाही अभिमान वाटावा असा नाही. चुलीचा धूर तिथे आहेच.) हे सारे या शतकाच्या पहिल्या दशकातले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर येऊन हवा त्यातल्या त्यात सुधारली, तेव्हाच्या सुमाराचे. त्यानंतर वाहने किती वाढली, हे दिल्लीच्या कोणत्याही चौकात उभे राहून कळते.

पण प्रश्न नुसत्या हवेचा नाही, हवा आणि खेळ यांच्या जोडीचा आहे. त्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात फार मोलाचे काम झाले. दमा नसलेल्या ३,५३५ मुलांवर तेथील संशोधकांनी काही वर्षे लक्ष ठेवले आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओझोन वायूचे प्रमाण जास्त असलेल्या गावांत जी मुले तीन किंवा अधिक खेळ खेळत होती, त्यांना नव्याने दमा जडण्याचा धोका न खेळणाऱ्या मुलांच्या ३.३ पट निघाला. ओझोन कमी असलेल्या गावांत मात्र खेळणाऱ्या मुलांना असा काही त्रास नव्हता. खेळ तेच, मुलेही त्याच वयाची, फरक फक्त हवेचा!

याच प्रकल्पातून २०१५ मध्ये एक चांगली बातमीही आली. मधल्या वर्षांत त्या भागातील हवा कायद्याने सुधारली होती, आणि नंतरच्या पिढीतील मुलांची फुफ्फुसे आधीच्या मुलांपेक्षा चांगली वाढलेली आढळली. दिल्लीकरांनी हे वाचून ठेवावे असे आहे.

बसून राहण्याची किंमत

आता मुलाची बाजू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वयाच्या मुलाने दररोज सरासरी ६० मिनिटे तरी घाम येईल, श्वास फुलेल अशी हालचाल करावी. आठवड्यातून तीनदा हाडे आणि स्नायू बळकट करणारे खेळ असावेत. उड्या, चढणे, लटकणे हे सारे त्यात आले. दिल्लीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला ही ६० मिनिटे मिळायची जागा म्हणजे शाळा आणि संध्याकाळचे पार्क. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्हीकडे दार बंद.

याचे परिणाम वजनाच्या काट्यावर दिसतात, हे पालकांना माहीत असते. पण डोळ्यांचे काय? दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांनी ५ ते १५ वर्षांच्या ९,८८४ शाळकरी मुलांचे डोळे तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १३.१ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसत होते, म्हणजेच उणे नंबरचा चष्मा लागला होता. सरकारी शाळांपेक्षा खासगी शाळांत हे प्रमाण अधिक. आणि जी मुले दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ बाहेर, उघड्यावर असत, त्यांच्यात ते कमी. चीनमधील ग्वांगझू शहरात तर शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी मोजले, तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने हा दोष आला होता, बाहेर काढलेल्या मुलांत ३०.४ टक्के. इथे मुद्दा व्यायामापेक्षा उजेडाचा आहे. वर्गातील ट्यूबलाइट कितीही लख्ख असली, तरी उघड्यावरच्या उजेडापुढे ती काहीच नाही.

उन्हाचे आणखी एक देणे म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या दिल्लीतील मोरी गेट परिसरातील तान्ह्या मुलांची तुलना त्या काळच्या मोकळ्या गुडगावातील मुलांशी केली होती. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व निम्म्याहून कमी भरले, कारण धुराच्या पडद्यातून सूर्याचे उपयुक्त किरण खाली पोहोचतच नव्हते. आज गुरुग्राम झालेल्या त्या गुडगावावरही तसाच पडदा असतो, हा काळाचा महिमा!

शिवाय साखर. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या दहापैकी एका मुलाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्याच सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील २२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. एकीकडे अपुरे पोषण, दुसरीकडे चिप्स आणि शीतपेये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते मुलांना फळ्यावर दिसावे, ही कल्पना चांगलीच आहे. पण खाल्लेली साखर जाळायची कुठे, हे फळा सांगत नाही.

पहिली ते पाचवीला पी.टी.चे सर नाहीत

मग शाळा काय करते? इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊक नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे म्हटले आहे. पण आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी वेगळा अर्धवेळ शिक्षक नेमण्याची अट आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी कायदा फक्त मुलांच्या संख्येवर शिक्षक मोजतो. खेळाचा शिक्षक त्यात नाही.

खासगी शाळा आपल्या खर्चाने पी.टी. शिक्षक ठेवतात. परंतु दिल्लीत पाचवीपर्यंतच्या सरकारी शिक्षणाचा मोठा भार महापालिकेच्या शाळांवर आहे. तिथे गणित, हिंदी, परिसर अभ्यास शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेनेच खेळही घ्यायचा. अभ्यासक्रम मागे पडला, की कोणत्या तासावर गदा येते, हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगायला नको. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांची कथा याहून फार निराळी नाही. सीबीएसईने २०१८ मध्ये आरोग्य आणि शारीरिक शिक्षण सक्तीचे केले ते नववी ते बारावीसाठी. धाकट्यांच्या वाट्याला काही आले ते अलीकडे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान दिले आणि पुढच्या वर्षी तिसरीसाठी एनसीईआरटीचे वेगळे पुस्तकही निघाले. पुस्तक आले, शिकवणारे मात्र यायचे आहेत.

जागेचीही तीच तऱ्हा. दाट वस्तीतील शाळेचे मैदान म्हणजे पुष्कळदा इमारतीमधले फरसबंद अंगण. त्यात प्रार्थना, त्यातच मधल्या सुट्टीतले जेवण आणि उरल्या वेळात कबड्डी. अनेक सरकारी इमारतींत दोन पाळ्या चालतात, सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची. पहिल्या पाळीची मुले निघून दुसरी आत येईपर्यंतच्या वेळात कोणी काय खेळणार!

न्यायालयाच्या दारात

मैदान बंद करण्याची सुरुवात ठळकपणे झाली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये. आधी महापालिकांच्या प्राथमिक शाळा आणि मग सगळ्याच शाळा काही दिवस बंद राहिल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या हिवाळ्यात कोटला मैदानावर श्रीलंकेचे कसोटी खेळाडू तोंडाला मास्क बांधून उतरले आणि ते छायाचित्र जगभर गेले. मोठ्या खेळाडूंसाठी सामना थांबला, चर्चा झाली. शाळेच्या मैदानावर मात्र थांबवणारे पंच नसतात. २०२३ मध्ये प्राथमिक वर्ग ३ नोव्हेंबरपासून बंद झाले, मग हिवाळ्याची सुट्टीच आधी ओढून घेण्यात आली. आता हवेच्या पायऱ्यांप्रमाणे बंधने ठरलेली आहेत. तिसरी पायरी लागली, की दिल्ली आणि लगतच्या चार जिल्ह्यांत पाचवीपर्यंतचे वर्ग वाटल्यास घरून, मोबाईलवर करता येतात.

परंतु शाळा बंद करणे हा उपाय किती अपुरा आहे, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिले. महिन्याच्या १८ तारखेला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या वर गेला होता. मोजपट्टी ५०० ला संपते. शाळा बंद झाल्या. आठवड्याभराने, २५ नोव्हेंबरला, न्यायालयाने वेगळाच मुद्दा काढला. शाळा बंद, म्हणजे मधल्या सुट्टीतले जेवण बंद. अनेक मुलांकडे घरून शिकण्याची साधने नाहीत. आणि ज्यांच्या घरी हवा शुद्ध करण्याचे यंत्र नाही, त्यांना घर काय नि शाळा काय, हवा सारखीच. निर्बंध सैल करता येतील का, ते पाहा, असे हवा गुणवत्ता आयोगाला सांगण्यात आले.

एका वर्षानंतर, १९ नोव्हेंबर २०२५ रोजी, प्रश्न थेट खेळाचा आला. ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात शाळांच्या मैदानी स्पर्धा ठेवल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणण्यात आले. मुलांना विषारी वायूच्या कोठडीत ढकलण्यासारखेच हे आहे, अशा कठोर शब्दांत नाराजी व्यक्त झाली आणि या स्पर्धा वर्षातील सुरक्षित महिन्यांत नेण्याचा विचार करा, असे आयोगाला सुचवण्यात आले. त्याच सुमारास काही शाळकरी मुलांच्या वतीने हीच मागणी दिल्ली उच्च न्यायालयातही पोहोचली होती. काही दिवसांत राजधानी परिसरात स्पर्धा पुढे ढकलण्याचे आदेश निघाले.

वृत्तपत्रांत गाजला तो कोठडीचा उल्लेख. पण त्या दिवशीचे खरे महत्त्वाचे शब्द ‘सुरक्षित महिने’ हे होते. खेळ बंद करा, असे कोणी म्हटले नव्हते. त्याची वेळ बदला, असे म्हटले होते.

कॅलेंडर उलटे करायचे

वार्षिक क्रीडा दिन हिवाळ्यात का असतो? कारण सरळ आहे. उत्तर भारतात एप्रिल ते जून उन्हाचा तडाखा, जुलैपासून पाऊस, आणि दिवाळीनंतर कोवळे ऊन, गार वारा. आपल्या आजोबांच्या काळी नोव्हेंबर हा दिल्लीतला खेळाचा महिना होता, यात शंका नाही. आज शाळा त्याच पंचांगावर चालत आहेत, हवा मात्र पार बदलली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीचा सरासरी निर्देशांक ७२ होता, म्हणजे ‘समाधानकारक’. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो ३७० च्या पुढे, म्हणजे ‘अतिशय वाईट’. पावसाने हवा धुतली जाते, वारा वाहता असतो, शेतातला पेंढा जळत नसतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे दिल्लीचे सर्वांत स्वच्छ महिने आहेत आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत बऱ्यापैकी दिवस मिळतात.

पावसाळ्यात खेळ कसे घ्यायचे, असे विचारणाऱ्यांना दिल्लीतच उत्तर आहे. हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून होणारी सुब्रतो करंडक ही शालेय फुटबॉल स्पर्धा अलीकडच्या वर्षांत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास रंगते. अर्थात अडचणी आहेत. दमट उकाडा असतो, मैदानात तळी साचतात, डेंग्यूचे डासही याच दिवसांत. लहान मुलांना दुपारच्या उन्हात पळवता येणार नाही. पाणी, सावली आणि सकाळची वेळ लागेल. पण चिखलात पडून आलेला मुलगा आंघोळ घातली की स्वच्छ होतो. फुफ्फुसे तशी धुता येत नाहीत.

महिन्याइतकेच महत्त्व दिवसातील वेळेला आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरच्या उबदार हवेचे जणू झाकण बसते. शहराचा धूर त्याखाली कोंडतो. सकाळी आठ वाजता हे झाकण घट्ट असते. ऊन तापल्यावर ते वर सरकते आणि दुपारी साधारण एक ते चार या वेळात हवा त्यातल्या त्यात बरी असते. आता शाळेचे वेळापत्रक आठवा. उघड्यावरची प्रार्थना, कवायत आणि पी.टी. बहुधा सकाळीच! थंडीच्या तीन महिन्यांत प्रार्थना वर्गात आणि खेळ दुपारच्या तासाला, एवढा बदल करायला पैसा लागत नाही. सकाळच्या पाळीतील मुलींच्या शाळांना मात्र तो करता येत नाही. शाळा सुटते तेव्हा कुठे हवा सुधारू लागते. या मुलींसाठी स्वच्छ महिन्यांतले तास वाढवणे हाच मार्ग उरतो.

मैदानात जायचे की नाही, हे रोज ठरवणार कोण? सध्या ते वरून येणाऱ्या आदेशावर ठरते, म्हणजे सगळे बंद किंवा सगळे सुरू. अमेरिकेतील अनेक शाळांत साधी पद्धत आहे. त्या दिवसाच्या हवेप्रमाणे शाळेच्या दारात हिरवे, पिवळे, नारिंगी, लाल किंवा जांभळे निशाण लावायचे. नारिंगी असेल, तर खेळ होतो, पण विश्रांती जास्त देतात. लाल असेल, तर दमछाक करणारे खेळ आत नेतात. जांभळे असले, तर सगळेच आत. निशाण मुलेच चढवतात, त्यामुळे पहिलीतल्या मुलालाही आज लंगडी आहे की कॅरम ते कळते. याउलट बीजिंगमधील आंतरराष्ट्रीय शाळेने २०१३ मध्ये मैदानावर फुगवलेला घुमट उभारून आत गाळलेली हवा सोडली. तो उपाय कोणाच्या खिशाचा, ते सांगण्याची गरज नाही.

आकड्यांवरून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमी भांडण होते. एकीच्या मोबाईलवर ६००, दुसरीच्या ३८०. दोन्ही खरे असू शकतात. परदेशी मोजपट्टी निराळी असते. आपल्या सरकारचा संध्याकाळी जाहीर होणारा आकडा मागच्या २४ तासांचा सरासरी असतो आणि पूर्ण शहराचा असतो. आजच्या खेळाच्या तासासाठी तो उपयोगाचा नाही. शाळेपासून जवळच्या केंद्राचा त्या तासाचा आकडा पाहावा लागतो, आणि तो केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर मिळतो.

आत बसून काय करायचे?

वाईट दिवसांत मुलांना वर्गात ठेवले, तरी खिडक्या लावल्याने हवा शुद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. म्हणून शुद्धीकरण यंत्र नसलेल्या वर्गात जोरदार उड्या मारायला लावणे म्हणजे मैदान आत आणण्यासारखेच. अशा दिवशी तोल सांभाळणे, ताणाचे व्यायाम, सावकाश घातलेले सूर्यनमस्कार, सोपी आसने, चेंडू नेमका झेलणे असे खेळ बरे. सागरगोटे आठवतात? हात आणि डोळा यांचा मेळ घालायला त्याहून स्वस्त साधन नाही. दिल्लीत वाढलेल्या अनेक मराठी मुलांनी ते पाहिलेलेही नसतील. सुट्टीत आजीकडे गेल्यावर मागून आणायला हरकत नाही. धावताना मास्क लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो लहान मुलांच्या बाबतीत फारसा चालत नाही. धावताना मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि मूल तो काढून टाकते.

दमा असलेल्या मुलाला कायमचे बाकावर बसवणे ही मोठी चूक आहे. डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित असेल, तर चांगल्या हवेत ते इतरांसारखे खेळू शकते. पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला लेखी कळवावे, इन्हेलर दप्तरात आहे की शाळेत, हे सांगावे आणि तो कसा द्यायचा ते दाखवून यावे. खेळताना खोकल्याची उबळ, छातीत घरघर, बोलताना वाक्य तुटणे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, ही लक्षणे दिसली तर खेळ तिथेच थांबवून मदत बोलवायची असते. यात वाट पाहायची नसते. पी.टी.चे सर नसलेल्या शाळेत हे ओळखणार ती वर्गशिक्षिकाच, आणि तिला कोणी शिकवलेले नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, हे दिल्लीचे दुखणे. तसे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तीत सर्वाधिक शहरे महाराष्ट्रातील आहेत. चंद्रपूरच्या आयांना यात नवे काही वाटणार नाही.

खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. मातीत वाढलेला, दोन खांब आणि थोडी मोकळी जागा एवढेच मागणारा हा खेळ तिथे इंदिरा गांधी स्टेडियमच्या छपराखाली, मॅटवर खेळला गेला. सामने पाहून घरी परतलेल्या दिल्लीतील शाळकरी मुलांना लगेच खाली जाऊन खो-खो खेळावेसे वाटले असणार. जानेवारीतल्या हवेत त्यांना किती जणांनी सोडले असेल?

दिल्लीतील शाळांचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. सुट्ट्या, परीक्षा आणि वार्षिक क्रीडा दिन यांच्या तारखा तेव्हाच ठरतात आणि शाळेच्या डायरीत छापल्या जातात. क्रीडा दिनासमोर डिसेंबर लिहिलेला असेल, तर पालक सभेत उठून विचारायची वेळ एप्रिलचीच आहे. नोव्हेंबरात विचारून उपयोग नसतो. तोवर मुलांच्या शर्यतींचे सराव सुरू झालेले असतात.